काडी कोणी मोडली?

"काडी कोणी मोडली?" पाध्ये वकिलांनी विचारलं, आणि मला वाटलं ते चुकून दुसऱ्याच कुणाच्या खटल्याचं बोलताहेत. महाल भागातल्या त्यांच्या माडीवरच्या ऑफिसात आम्ही तिघं बसलो होतो. मी, अनंत आणि माझे वडील. खाली गल्लीत एका रिक्षावाल्याची सायकल दुसऱ्याच्या चाकात अडकली होती आणि दोघं एकमेकांच्या आयाबहिणी काढत होते. काडी? कसली काडी? "तुमच्या सोडचिठ्ठीच्या वेळची," वकीलसाहेब म्हणाले. "तुमच्यात पंचांसमोर नवरा काडी मोडतो ना, दोन तुकडे दोन बाजूंना टाकतो, ती. कोणी मोडली, कुठे मोडली, कोण हजर होतं, तेवढं नीट सांगा. सगळं तिच्यावरच आहे." मी बाबांकडे पाहिलं. बाबा ताठ बसले होते, शाळेत बक्षीस घ्यायला उठलेल्या पोरासारखे. "काडी मोडलीच नाही साहेब," ते म्हणाले. "म्याच मोडू देल्ली नाही." आवाजात केवढा अभिमान! पाध्ये वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. मग बाबांना सोडून ते माझ्याशी बोलले, हळू, एखाद्या घरी मयत झाल्यावर बोलतात तसं. "मग बाई, कायद्यानं तुम्ही अजून मधुकरच्याच बायको आहात."

बाहेर मार्चचं ऊन रटरटत होतं. शेजारी अनंत बसला होता, ज्याच्याशी माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, विहारात, चारचौघांत, आणि तो आपल्या बोटांना लागलेलं वर्कशॉपचं काळं वंगण नखानं खरवडत होता. वकीलसाहेब समजावून सांगत राहिले. घटस्फोट कोर्टातच घ्यावा लागतो. फक्त ज्या जातीत सोडचिठ्ठीची रीत पूर्वापार चालत आली, त्या जातीची रीत कायदा मानतो. पण रीत म्हणजे बापजाद्यांपासूनची, जशीच्या तशी. सुधारून घेतलेली चालत नाही. "पण मधुकरनं सही केली होती की!" मी म्हटलं. "तोच म्हणाला होता, जा बाई, मोकळी हो." वकीलसाहेब हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. सहीनं लग्न मोडत नाही, दोघांची मर्जी असली तरी मोडत नाही. मधुकरला हे कुणीतरी शिकवलं, म्हणून आता त्यानं मुलीच्या ताब्याचा अर्ज केला. त्याच्या अर्जात लिहिलं होतं की बायको परपुरुषाकडे राहते आणि त्याची मुलगी तिथं वाढते. पाच वर्षांपर्यंत मूल आईचं. विशाखा आता सात वर्षांची. पुढे बाप पालक, आणि आई अशी असली तर विचारायलाच नको. "अशी म्हणजे कशी?" मी विचारलं. म्हणायचं नव्हतं, निघून गेलं तोंडातून. वकीलसाहेबांनी चष्मा परत लावला आणि काय करायचं ते सांगितलं. मी आणि बाबांनी, दोघांनी साक्षीत सांगायचं की दीक्षा घेतली तरी आम्ही जातीनं तेच आहोत, आमच्या रीती त्याच आहेत आणि पंचांसमोर काडी मोडली. बस. जिना उतरताना बाबा माझ्या पुढे होते. त्यांचा पांढरा सदरा पाठीवर घामानं चिकटला होता आणि मला त्या पाठीचा इतका राग आला की मी भिंत धरली.

तो दिवस मला आठवतो ना. आठवतो म्हणूनच राग येतो. मधुकर पोस्टात होता, दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा, आणि घरात शिरला की पहिलं दार लावायचा. मी कॉर्पोरेशनच्या शाळेत मास्तरीण झाले तेव्हा त्यानं माझ्या शाळेच्या साड्या ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली. मारायचाही. ते सांगण्यात काही विशेष नाही, आमच्या गल्लीत मार न खाल्लेली बाई दाखवा. मी मात्र विशाखाला कडेवर घेऊन नेसत्या लुगड्यानिशी इंदोऱ्याच्या वस्तीत बाबांकडे आले आणि परत गेले नाही. मग पंच बसले. आमच्यातला सगळ्यात म्हातारा धोंडबा येताना पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, वाळकी काडी घेऊन आला, पिढ्यान्पिढ्या आणतात तशी, आणि त्यानं ती मधुकरच्या हातात द्यायला हात पुढे केला. तेवढ्यात बाबा उठले. त्यांनी धोंडबाच्या हातातून काडी घेतली आणि चुलीत टाकली. "धोंडबा, हे सारं आपुन सोडलं गा," ते म्हणाले. "पोरगी काय काडी हाय मोडाले?" मग ते सगळ्यांना विहारात घेऊन गेले. मेणबत्ती लावली, वंदना झाली, मधुकरनं आपलं म्हणणं सांगितलं, मी माझं, आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांच्या बैठकीत उभी राहून सांगितलं. कागदावर दोघांच्या सह्या झाल्या आणि बाबांनी भाषण केलं. बाई ही सोडून द्यायची वस्तू नाही, ती आपल्या पायांनी जाते, असं काहीसं. मिलमध्ये जन्मभर मागावर उभा राहिलेला माणूस, कानानं अर्धा बहिरा, म्हणून आवाज मोठा. मी रडत होते. आनंदानं रडत होते, खोटं कशाला बोलू. माझा बाप असा आहे म्हणून रडत होते. आणि आता कळलं की त्या दिवशी त्यांनी धोंडबाला ती मेली काडी मोडू दिली असती तर माझी मुलगी आज माझी असती.

बाबांचं असंच. छप्पन्न साली मी बारा वर्षांची होते. दीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी घरातले देवांचे टाक फडक्यात बांधले आणि नदीवर नेले. आई मागे मागे गेली, रडत, "एक तरी राहू द्या जी" म्हणत. एकही राहिला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत मैदानावर, आणि एवढी माणसं की धूळ खाली बसायलाच तयार नाही. संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी आम्हाला ओळीनं उभं केलं आणि सांगितलं, आपल्या जातीचं जुनं नाव या घरात कुणी घ्यायचं नाही, आजपासून ते आपलं नाही. ते नाव मी इथंही लिहीत नाही. पण लहान पोरीला एखादा शब्द घ्यायचा नाही म्हटलं की तो जिभेवर बसून राहतो. शाळेत बाई हजेरी घेत तेव्हा, विहिरीवर, नाटकाच्या तिकिटाच्या रांगेत, तो तिथं असायचा, आणि मी तोंड घट्ट मिटून उभी असायची. बाबांना तसं कधी झालं नसावं. त्यांनी एकदा टाकलं म्हणजे टाकलं. मला त्यांचा हेवा वाटायचा आणि भीतीही वाटायची. ज्याला एवढं सहज टाकता येतं, तो काय काय टाकेल?

सुनावणीच्या आधी मी रोज शाळा सुटली की इंदोऱ्यात जायची. बाबा ओसरीवर बसलेले, समोर पेपर, वाचत नसलेले. मी भांडी घासायची, त्यांच्यासाठी भात टाकायची आणि बोलायची. एकटीच बोलायची. "बाबा, एक दिवस बोलाचं आहे. एक दिवस! नंतर कोनी विचारनार नाही." ते पेपर उलटवायचे. "काडी मोडली म्हनाचं, झालं." ते म्हणाले, "काडीचं नाही वं. काडी मी मोडून टाकीन. दहा मोडीन." "मंग?" ते पेपर तोंडापुढे धरायचे. मला चीड यायची, अशी चीड की हातातला तांब्या त्यांच्या डोक्यात घालावा. शाळेत मी पोरांना 'खरे बोलावे' शिकवते आणि इथं बापाला खोटं बोलायला शिकवते, ह्याची मला लाज वाटायला हवी होती, ती वाटत नव्हती. मला एवढंच दिसत होतं की विशाखा झोपताना माझ्या पदराचा काठ अंगठ्यात गुंडाळते. मधुकरची आता भंडाऱ्याला बदली झाली होती. तिथं त्याच्या घरी ती काय गुंडाळेल? कुणाचा पदर? एक दिवस मी बोलून बसले, "तुमाले तुमचं नाव पाहिजे का नात पाहिजे, ते सांगून टाका एकदाचं!" बाबांचा चेहरा पडला. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते उठले, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्याले आणि पाठमोरे उभे राहून म्हणाले, "येतो मी. सांगतो. जे म्हनशीन ते सांगतो." मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच जमिनीवर बसले. घरी जाताना विशाखासाठी संत्री घेतली. हंगाम संपत आला होता, आंबट निघाली, तरी तिनं सगळी खाल्ली.

कोर्टात माझी साक्ष आधी झाली. सिव्हिल लाइन्सला एवढी मोठी झाडं आणि आत एवढा कोंदट वास, जुन्या कागदांचा आणि माणसांच्या घामाचा. विशाखाला अनंत बाहेर व्हरांड्यात घेऊन बसला होता. मला वाटलं होतं मी अडखळेन, घाबरेन, पाय कापतील. काही नाही! पाध्ये वकिलांनी विचारलं आणि मी सांगितलं. आम्ही दीक्षा घेतली, पण जातीच्या रीती पाळतो का, हो. पंच बसले का, हो. काडी मोडली का, हो, मधुकरनं मोडली, पऱ्हाटीची होती. मधुकर समोरच्या बाकावर होता, नवा सदरा घालून, आणि तो माझ्याकडे तोंड उघडं टाकून पाहत राहिला. मी खोटं बोलते हे त्याला धक्कादायक वाटलं की काय! त्याच्या वकिलानं विचारलं, तुमची जात आज काय आहे? आणि मी ते नाव घेतलं. अठरा वर्षं तोंडात धरून ठेवलेला शब्द, तो असा सहज, पाण्याच्या घोटासारखा निघाला. न्यायाधीशांनी तो टायपिस्टला इंग्रजीत सांगितला. टाइपरायटरवर तो चार-पाच टकटकींत उमटला. काही झालं नाही. छत कोसळलं नाही. मी खाली येऊन बसले आणि मला नुसती तहान लागली.

मग रामाजी, म्हणजे माझे बाबा. शिपायानं हाक मारली ती त्यांना ऐकू गेली नाही, मी त्यांना कोपरानं ढोसलं. ते वर जाऊन उभे राहिले. कारकुनानं देवाची शपथ म्हणायला सांगितली. पाध्ये वकिलांनी ते आधीच बजावलं होतं. प्रतिज्ञेवर सांगतो म्हणू नका, देवाची शपथ घ्या, नाहीतर पहिल्याच पावलाला समोरचा वकील पकडेल. बाबांनी घेतली. देवाची. माझ्या बाबांनी! मला आई आठवली, नदीच्या वाटेवर मागे मागे धावणारी. "काडी मोडली का?" "मोडली." "कोणी?" "जावयानं मोडली. मी काडी देल्ली." एवढंही पुढचं बोलले, कुणी विचारलं नव्हतं तरी. बोलताना ते माझ्याकडे पाहत होते आणि मी मान हलवत होते, जसं पोरांना पाढे म्हणताना हलवते. पाध्ये वकील खाली बसले, समाधानानं. मग मधुकरचा वकील उठला. चांगला माणूस दिसत होता, मऊ बोलायचा. त्यानं बाबांना रामाजी म्हटलं. रामाजी, तुम्ही दीक्षा घेतली? घेतली. वस्तीतली लग्नं तुम्ही लावता? लावतो. मग रामाजी, तुमची जात आजही तीच आहे असं तुमचं म्हणणं आहे? आणि त्यानं ते जुनं नाव घेतलं. शिवी दिल्यासारखं नाही, नुसतं विचारलं.

बाबांना ऐकू गेलं नसेल असं वाटून वकिलानं पुन्हा विचारलं, मोठ्यानं, आणि ते नाव सगळ्या खोलीत ऐकू गेलं, मागे दाराशी उभ्या असलेल्या लोकांपर्यंत. मी मान हलवत होते. हो म्हणा. बाबा, हो म्हणा. एक अक्षर, बाबा. मी ओठ हलवून दाखवत होते आणि ते माझ्याकडेच पाहत होते, मला पाहत होते, त्यांचे डोळे भरले होते. मला कळत होतं त्यांना हो म्हणायचंय. त्यांनी तोंड उघडलं. मला दिसलं त्यांनी हो म्हणायलाच उघडलं होतं. "नाही," ते म्हणाले. आणि मग, एकदा सुटल्यावर थांबताच आलं नाही त्यांना. "नाही साहेब. ते आमी सोडलं. छप्पन्न सालीच सोडलं. आमाले जात नाही." न्यायाधीशांनी टायपिस्टला सांगितलं. टकटक झाली. पाध्ये वकिलांनी पेनाला टोपण लावलं. मी मान अजूनही हलवत होते, थांबायचं सुचलंच नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात विशाखा अनंतच्या मांडीवर झोपली होती. बाबा आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले, पण हात लावला नाही. "झालं गा अनंता," ते म्हणाले. "माह्याच्यानं झालं नाही." अनंतनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी ठेवला नाही. मी मुलीला उचललं आणि पायऱ्या उतरले, उन्हात, बाबांची वाट न पाहता.

निकाल मे महिन्यात लागला. त्याआधी न्यायाधीशांनी विशाखाला आत बोलावून पेपरमिंटची गोळी दिली आणि विचारलं, बाळ, तुला कुणाजवळ राहायचंय? आईजवळ, ती म्हणाली, आणि बाबाजवळ. कोणता बाबा? तर तिनं अनंतचं नाव सांगितलं. ते निकालात आलं, की मुलीच्या मनात खऱ्या बापाविषयी परकेपणा भरवण्यात आला आहे. सोडचिठ्ठीची रीत चालू असल्याचं शाबीत होत नाही, दुसरं लग्न हे लग्नच नव्हे, मुलगी बापाच्या ताब्यात द्यावी, आईनं महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटावं. पाध्ये वकील म्हणाले, आता कोर्टातून रीतसर घटस्फोट मागू, मग तुम्ही दोघं परत लग्न करा. किती दिवस लागतील म्हटलं तर खांदे उडवले. ज्या सकाळी तिला न्यायला मधुकर आला, त्या सकाळी मी तिच्या दोन वेण्या घातल्या, इतक्या घट्ट की ती "आई, दुखतं" म्हणाली. मला वाटलं घट्ट घातल्या तर जास्त दिवस टिकतील. काय वेडी असते बाई! ती रिक्षात बसली तेव्हा तिला वाटत होतं आपण दोन दिवसांनी येणार, आणि मीच तिला तसं सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी मी भंडाऱ्याला गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, आत्याकडे गेले सगळे. त्याच्या पुढच्या महिन्यात ताप आला होता म्हणे, झोपली आहे, उठवू नका. त्याच्या पुढच्या महिन्यात ती दारात आली. माझ्याकडे पाहिलं, आणि "मावशी, आत या" म्हणाली. शिकवून ठेवलं होतं तिला. शिकवलेलं आहे हे मला कळत होतं, तरी मी आत गेले नाही. बसस्टँडवर बाकावर बसून राहिले, आणि तीन बस सोडल्या.

दसऱ्याला विहारात कार्यक्रम होता, दीक्षेच्या वर्षदिनाचा. मी जाणार नव्हते. अनंत म्हणाला, चल, घरात बसून तू भिंतींशी बोलते. म्हणून पांढरी साडी नेसले आणि गेले. विहार भरलेला, बाहेर रस्त्यापर्यंत माणसं, बायका, पोरं, भज्यांच्या कढईचा धूर. वंदना झाली, भाषणं झाली. मग सेक्रेटरी नानाजी उठले आणि म्हणाले, आपल्या वस्तीतले रामाजी यांनी भर कोर्टात, स्वतःच्या घराचं नुकसान सोसून, आमाले जात नाही असं ठणकावून सांगितलं. अशी माणसं आपल्यात आहेत म्हणून आपण उभे आहोत. त्यांचा आज सत्कार. टाळ्या पडल्या. काय टाळ्या पडल्या! पत्र्याचं छप्पर हाललं. बाबा मागच्या भिंतीशी बसले होते. "नको गा नानाजी, नको," ते म्हणत होते, पण दोघा पोरांनी त्यांना उचलून उभंच केलं आणि पुढे आणलं. किती वाळले होते. सदरा खांद्यावरून लोंबत होता. उन्हाळ्यापासून मी त्यांच्याकडे गेले नव्हते, भात कोण टाकत होतं कोण जाणे. मला वाटलं, उठावं आणि ओरडावं की हा सत्कार माझ्या मुलीचा आहे, तिला बोलवा! आणि त्याच वेळी मला हेही वाटलं, आणि याचा मला सगळ्यात जास्त संताप आला, की त्यांनी हो म्हटलं असतं, तर हा माणूस मला पुन्हा कधी पाहवला नसता.

"हार त्यांच्या मुलीच्या हस्ते," नानाजी म्हणाले. "पंचफुलाबाई, या." बायकांनी मला मागून ढकललं, प्रेमानं, "जाय वं, जाय ना" म्हणत. कुणीतरी झेंडूचा जड हार माझ्या हातांत दिला. मी बाबांसमोर उभी राहिले. त्यांची उंची माझ्यापेक्षा जास्त, आणि ते नेहमीसारखे ताठ उभे होते, बहुतेक ताठ राहिले नाही तर पडले असते म्हणून. टाळ्या चालूच होत्या. त्या आवाजात, ओठ जेमतेम हलवत, त्यांनी विचारलं, "पोट्टी कशी हाय वं? भेटली का तुले?" मी त्यांच्याकडे पाहिलं. ती मला मावशी म्हणाली, हे सांगायला माझं तोंड उघडलं होतं.

"मान खाली करा," मी म्हटलं.

त्यांनी केली.